तांबं १.७, निकेल ७, मग कॉन्स्टंटन ४९ कसं?

प्रयोगवही (धागाकर्ता)

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात बारावीच्या मुलांचं मीटर सेतूचं (एक मीटर तारेवर लांबी मोजून अज्ञात रोध काढायचं उपकरण) प्रात्यक्षिक चालू होतं. जॉकी तारेवर टेकवायचा, घासायचा नाही, गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आला की लांबी वहीत लिहायची, हे नेहमीचंच. एक मुलगी मात्र कोष्टकांचं पुस्तक उघडून बसली होती. म्हणाली, "सर, तांब्याची रोधकता १.७ आहे आणि निकेलची ७. दोन्ही साधारण निम्मं निम्मं मिसळलं तर उत्तर चार-साडेचारच्या आसपास यायला हवं. इथे कॉन्स्टंटनपुढे ४९ लिहिलंय. छपाईची चूक आहे का?"

चूक नव्हती. सगळे आकडे मायक्रोओहम-सेंटिमीटरमध्ये आहेत आणि बरोबर आहेत. ५५ टक्के तांबं आणि ४५ टक्के निकेल यांचं हे संमिश्र विजेला तांब्याच्या जवळजवळ २९ पट अडवतं आणि निकेलच्या सातपट. "संमिश्राची रोधकता घटक धातूंपेक्षा जास्त असते" हे वाक्य मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो, तिलाही तेच सांगितलं. पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं की हे उत्तर नाही, प्रश्नच दुसऱ्या शब्दांत सांगितला आहे.

घरी येऊन विचार केला. दुसऱ्या दिवशी तिला जे सांगितलं ते इथे मांडतो, चुकलं असेल तर सुधारा.

पाभरीने पेरलेली ज्वारी डोळ्यांपुढे आणा. ओळी सरळ, अंतर सारखं. दोन ओळींच्या मधून माणूस या बांधापासून त्या बांधापर्यंत एकाही ताटाला धक्का न लावता जातो. शुद्ध तांब्याच्या स्फटिकात अणू असे ओळीत उभे असतात आणि इलेक्ट्रॉन त्यांच्यातून वाट काढतो. अडचण येते ती वाऱ्याने. ताटं डुलायला लागली की अंगावर येतात. इथे वारा म्हणजे उष्णता. म्हणूनच तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो.

आता तेच बी मुठीने फोकून पेरा. वारा अगदी पडला तरी सरळ जाता येणार नाही, पावलागणिक ताट आडवं. दोन धातू मिसळल्यावर असंच होतं. अडथळा कोणत्याही एका धातूचा नसतो, तो बिघडलेल्या मांडणीचा असतो. म्हणून सरासरी काढून उत्तर मिळत नाही.

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढची. फोकलेल्या शेतात वारा सुटला तर चालणाऱ्याला फारसा फरक पडत नाही, तो आधीच धडकत चाललेला असतो. म्हणजे संमिश्राचा रोध मोठा असतो आणि तापमानाने तो फार हलतही नाही. मीटर सेतूची तार तांब्याची का नसते, याचं उत्तर त्या मुलीच्या प्रश्नातच होतं.

नीलमोहर

सर, शेताचं उदाहरण फार आवडलं. पण शाळेपासून एक शंका मनात आहे. हीटरची तार जास्त रोधाची असते असं शिकवतात. घरात विभवांतर २३० व्होल्ट ठरलेलं. मग शक्ती म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले रोध. रोध जितका कमी तितकी उष्णता जास्त! मग तांब्याचाच हीटर का नाही करत?

प्रयोगवही

नीलमोहर, ही शंका दरवर्षी एखाद्या तरी विद्यार्थ्याला येते आणि ती यायलाच हवी. तुमचं सूत्र बरोबर आहे. गोंधळ 'रोध' आणि 'रोधकता' या दोन शब्दांत आहे. रोध त्या एका तुकड्याचा, रोधकता त्या पदार्थाची.

१००० वॉटची शेगडी घ्या. २३० चा वर्ग ५२,९००. त्याला हजाराने भागलं की ५२.९ ओहम. म्हणजे शेगडीला ५३ ओहमच हवेत, कमी नाही की जास्त नाही. ०.४ मिलिमीटर जाडीची तार घेतली, तर हीटरमध्ये नेहमी वापरतात त्या नायक्रोम या संमिश्राची सुमारे ६ मीटर लागते. त्याच जाडीच्या तांब्याची? ३८६ मीटर! एवढी तार शेगडीच्या खाचेत कुठे बसवणार?

आणि बसवली तरी ती तापून लाल होईपर्यंत तिचा रोध चौपट होईल, म्हणजे हजार वॉटची शेगडी अडीचशेवर येईल. शिवाय तापलेलं तांबं हवेत काळं पडतं, खपल्या धरतं, खपल्या गळतात आणि तार बारीक होत होत तुटते. नायक्रोममध्ये साधारण ८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमिअम. क्रोमिअमच्या ऑक्साइडचा पातळ थर तारेला घट्ट धरून राहतो आणि आतल्या धातूपर्यंत हवा पोहोचू देत नाही. लाल होईपर्यंत तापवली तरी तिचा रोध पाच-सहा टक्क्यांच्या आतच वाढतो. हे संमिश्र अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी शोधलं, पेटंट १९०६ चं. त्याआधी रोज तापून टिकेल अशी स्वस्त तारच नव्हती. टोस्टर, इस्त्री, शेगडी हे सगळं त्यानंतर घराघरांत आलं.

कॉइलबॉक्स

सर नमस्कार. मी इचलकरंजीत शेगड्या, इस्त्र्या, गिझर दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. तुमचा हिशोब वाचून माझ्या रोजच्या कामाचं कारण कळलं.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "कॉइल तुटलीय, जोडून द्या." कित्येक जण घरीच दोन टोकं पिळून लावतात. दोन दिवस चालते, पुन्हा तिथंच तुटते. मग पुन्हा पिळतात. प्रत्येक वेळी चार वेढे कमी. सरांच्या हिशोबानं दहा टक्के तार कमी झाली तर रोध दहा टक्के कमी आणि शक्ती अकरा टक्के जास्त. उरलेली तार जास्त तापते, तिचं आयुष्य आणखी घटतं. शिवाय पिळलेल्या जागी तारेवरचा तो ऑक्साइडचा थर मध्ये येतो, धातूला धातू नीट लागत नाही, तिथं ठिणग्या पडतात. जोड दिलेली कॉइल मी दुकानातून बाहेर जाऊ देत नाही. नवीन टाकतो.

नवीन टाकतानाही कॉइल सगळीकडे सारखी ताणावी लागते. मातीच्या प्लेटच्या खाचेत एका कोपऱ्यात वेढे दाटीनं बसले तर तेवढाच तुकडा पिवळा होतो, बाकीची लालच. पिवळा तुकडा आधी जाणार. आणि दूध उतू जाणं हे कॉइलचं मरण. दुधातलं मीठ, साखर तारेवर जळून बसतं आणि ऑक्साइडचा थर तिथं फाटतो. उघड्या कॉइलच्या शेगडीवर स्टीलचं पातेलं ठेवून त्यात चमचा फिरवू नका, हे मी प्रत्येक बाईमाणसाला, कॉलेजच्या पोरांना सांगतो. कॉइल पातेल्याला टेकली की अंगातून करंट जातो.

एक खूण सांगतो. कॉइल घेताना मी चुंबक लावून बघतो. नाही चिकटली तर असली नायक्रोम. चिकटली तर लोखंडाची, डुप्लिकेट.

वेस्टेरोसकर

कॉइलबॉक्सदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चुंबकाच्या खुणेबद्दल थोडं सांगते, कारण मी राहते तिथून वीसेक किलोमीटरवर तिची गोष्ट सुरू झाली.

स्वीडनमध्ये वेस्टेरोसजवळ हालस्टाहामार नावाचं छोटं गाव आहे. तिथे हान्स फॉन कांत्सोव यांनी १९२० च्या दशकात लोखंड, क्रोमिअम आणि ॲल्युमिनिअमचं संमिश्र बनवलं. त्यांच्या आडनावाचा 'कांत' आणि गावाचा 'हाल' मिळून कांथाल. १९३१ मध्ये त्या नावाची कंपनी निघाली. यात निकेल नाही, म्हणून स्वस्त पडतं. रोधकता १४५ पर्यंत जाते, नायक्रोमची ११० च्या आसपास. आणि उत्तम प्रतीची कांथाल तार १४०० अंशांपर्यंत चालते, नायक्रोम १२०० च्या अलीकडेच थांबते. कारण इथे वरचा थर ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा असतो, तो क्रोमिअमच्या थरापेक्षाही टिकाऊ.

पण हिचा मुख्य घटक लोखंड आहे, त्यामुळे थंड असताना ती चुंबकाला चिकटते. म्हणजे चुंबक लावल्यावर तार नायक्रोम नाही एवढं नक्की कळतं, ती खोटी आहे हे कळत नाही. फरक वागणुकीत दिसतो. नायक्रोम तापून थंड झाली तरी वाकवता येते. कांथाल एकदा लाल झाली की आतले कण वाढतात आणि थंड असताना वाकवली तर काडीसारखी मोडते. म्हणून तिला एकदाच वळवायचं, नीट बसवायचं आणि मग हात लावायचा नाही.

कॉइलबॉक्स

ताई, आता कळलं. कुंभारकामाच्या इलेक्ट्रिक भट्टीची कॉइल बदलायला गेलो होतो, जुनी काढताना हातात तुकडे तुकडे आले. मला वाटलं माल खराब होता. चुंबकही चिकटलं होतं. म्हणजे ती हीच.

धातुवेडी

धागा सुंदर आहे. धातुशास्त्र शिकले आहे, त्यामुळे सरांच्या शेतात एक दुरुस्ती सुचवते, रागावू नका.

फोकलेलं शेत हे चित्र कॉन्स्टंटनला पूर्ण लागू होत नाही. तांबं आणि निकेल यांचे अणू आकाराने जवळपास सारखे, दोघांची स्फटिकरचनाही एकच. त्यामुळे मिसळल्यावर ओळी मोडत नाहीत. पाभर सरळच चाललेली असते, फक्त चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या नरसाळ्यात, ज्वारी आणि तूर एकत्र टाकलेली. ओळी सरळ, पण पुढचं रोप ज्वारीचं की तुरीचं याचा नेम नाही. तूर फांद्या पसरते, ज्वारी पसरत नाही. चालणारा अडखळतो तो या बेभरवशामुळे.

याचा पुरावा सोनं-तांब्यात आहे. तीन अणू तांब्याचे आणि एक सोन्याचा, या प्रमाणात संमिश्र करा. तापवून एकदम पाण्यात विझवलं तर अणू कसेही मिसळलेले राहतात. तेच सुमारे ३९० अंशांच्या खाली हळूहळू मुरू दिलं तर सोन्याचे अणू ठरलेल्या जागा घेतात, चौकोनी घराच्या कोपऱ्यांवर सोनं आणि भिंतींच्या मधोमध तांबं. रोधकता निम्म्याहून खाली येते! अणू तेच, प्रमाण तेच, वजन तेच. बदलली फक्त मांडणी. मला हा प्रयोग पहिल्यांदा कळला तेव्हा रात्रभर त्याच विचारात होते.

आपले सोनार हे हातांनी जाणतात. तांबूस १८ कॅरेट सोन्यात वजनाने पाऊण भाग सोनं असलं तरी अणू मोजले तर सोनं आणि तांबं जवळजवळ बरोबरीने असतात. ते तापवून सावकाश थंड केलं तर अणू ओळीत बसतात आणि दागिना कडक, ठिसूळ होतो. म्हणून ते पाण्यात विझवतात.

दुसरी गोष्ट. एकूण रोध म्हणजे उष्णतेचा भाग अधिक मिसळीचा भाग, हा मॅथिसेनचा नियम, १८६० च्या दशकातला. वारा आणि तूर, दोन्ही वेगवेगळे मोजायचे आणि बेरीज करायची. पण नुसत्या या बेरजेने कॉन्स्टंटनचा स्थिरपणा पुरा समजत नाही. हिशोब केला तर दर अंशाला निदान दहा हजारात एक-दीड भाग वाढ यायला हवी, प्रत्यक्षात त्याचाही छोटासा हिस्साच येतो. निकेलच्या अणूंत आतली एक कक्षा अर्धवट भरलेली असते, तिच्यामुळे होणारं इलेक्ट्रॉनांचं विखुरण तापमान वाढलं की थोडं कमी होतं. एक वाढ, एक घट, आणि दोन्ही जवळजवळ फिटतात.

प्रयोगवही

रागवायचं कसलं, धातुवेडी! ज्वारीत तूर हेच चित्र आता वर्गात वापरणार. आमच्याकडे आई अशी मिसळ पेरायची, मला सुचायला हवं होतं.

वाइंडिंगवाला

इथे सगळे रोध वाढवण्याचं कौतुक करताहेत. आमच्या धंद्यात तो वाढू नये म्हणून धडपड असते. मोटर वाइंडिंगची तार शुद्ध तांब्याची लागते. फ्रिज आणि एसीच्या नळ्याही तांब्याच्याच, दिसायला लखलखीत. एका ओळखीच्या माणसाने भंगारातल्या नळ्या वितळवून तार ओढायचा उद्योग केला आणि मोटरी तापायला लागल्या. नंतर कळलं की नळीच्या तांब्यात जोडाचा (झाळकामाचा) डाग नीट लागावा आणि ऑक्सिजन राहू नये म्हणून मुद्दाम थोडं फॉस्फरस घालतात. किती? शंभरात ०.०३ भागाच्या आसपास. तेवढ्याने वाहकता वीस टक्क्यांच्या जवळपास घसरते.

धातुवेडी

फॉस्फरसचं उदाहरण फार मोलाचं. कोणता पाहुणा घरात आला यावर सगळं असतं. चांदी थोडी घातली तर तांब्याला जवळजवळ कळतही नाही, कारण तिचे बाहेरचे इलेक्ट्रॉन तांब्यासारखेच. फॉस्फरस त्या कुटुंबापासून फार लांबचा, म्हणून एक अणूही मोठा अडथळा करतो.

आणि रोध मुद्दाम वाढवण्याचं आणखी एक ठिकाण तुमच्याच धंद्यात आहे. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याच्या पट्ट्या. त्यांत सुमारे ३ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे लोखंडाची रोधकता साधारण पाचपट होते. बदलत्या चुंबकत्वामुळे पट्टीच्या आतल्या आत ज्या धारा भोवऱ्यासारख्या फिरतात त्या मंदावतात आणि ट्रान्सफॉर्मर कमी तापतो.

ऊसकरी

मी शेतकरी आहे, विज्ञान दहावीपर्यंतच. पण वजनकाट्यातही अशीच तार असते असं ऐकलंय. खरं का? कारण गेल्या हंगामात आमच्या ट्रॉलीचं वजन बाहेरच्या काट्यावर केलं आणि मग कारखान्याच्या काट्यावर केलं, तर दीड टन कमी भरलं. विचारलं तर म्हणाले, "ऊन जास्त आहे, सेन्सर तापला, थोडं पुढे-मागे होतं." वर्षभराचा घाम आहे हो तो. हे खरं असू शकतं का, एवढंच कोणी सांगा.

काटादुरुस्ती

ऊसकरी, मी वजनकाटे बसवतो आणि दुरुस्त करतो. सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच धाग्याच्या विषयात आहे.

काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली सहा किंवा आठ लोड सेल असतात. लोड सेल म्हणजे भक्कम पोलादी ठोकळा. गाडी चढली की तो दबतो, पण डोळ्याला दिसणार नाही इतका, हजारात एक भाग. त्या ठोकळ्यावर आत चार स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. एक गेज म्हणजे बोटाच्या नखापेक्षा लहान, पातळ प्लॅस्टिकवर काढलेली नागमोडी रेघ. ती रेघ धातूच्या पत्र्याची, जाडी काही मायक्रॉन. धातू बहुतेक वेळा कॉन्स्टंटन. सरांच्या विद्यार्थिनीने ज्याच्यावर बोट ठेवलं तोच. स्ट्रेन गेजची कल्पना १९३८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांना स्वतंत्रपणे सुचली.

ठोकळा दबला की रेघ ताणली किंवा दाबली जाते आणि तिचा रोध बदलतो. किती? गेज ३५० ओहमचा असेल तर पूर्ण वजनाला साधारण ०.७ ओहम, म्हणजे ०.२ टक्के. आता बघा. ही रेघ तांब्याची असती तर नुसतं अर्धा अंश तापमान वाढल्यावर रोध तेवढाच बदलला असता. सावलीतून उन्हात आलेला रिकामा काटा पूर्ण भरलेली गाडी दाखवायला निघाला असता. कॉन्स्टंटनचा रोध अंशाला लाखात फार तर तीन-चार भाग हलतो, आणि पोलाद तापून प्रसरण पावतं त्याच्याशी जुळेल असा पत्राही बनवून मिळतो. वर चारही गेज व्हीटस्टन ब्रिजमध्ये, म्हणजे चार रोधांचा तोल साधणाऱ्या चौकोनी जोडणीत, जोडलेले असतात, सगळे सारखे तापले तर एकमेकांचं फेडून टाकतात.

म्हणजे उन्हाने काट्याचं शून्य थोडं सरकतं हे खरं. म्हणून तर गाडी चढण्याआधी काटा शून्य करतात. पण सरकतं ते एक-दोन भागांनी, आणि मोठ्या काट्याचा एक भाग साधारण १० किलोचा. धडधाकट काट्यात उन्हाने दीड टनाचा फरक पडत नाही. तार तसं करूच शकत नाही.

एवढा फरक यायला दुसरी कारणं लागतात. जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलेलं, उंदरांनी केबल कुरतडलेली, प्लॅटफॉर्मच्या फटीत पाचट आणि माती अडकून तो बाजूच्या भिंतीला टेकलेला, एखादा सेल मेलेला, किंवा माणसाने केलेली छेडछाड. यातलं काय आहे ते प्रमाणित वजनं ठेवूनच कळतं. प्रत्येक कोपऱ्यावर तेच वजन ठेवायचं, चारही ठिकाणी आकडा सारखा यायला हवा. तुम्ही वैधमापन विभागाकडे लेखी तक्रार द्या, दोन्ही काट्यांच्या पावत्या, तारीख, वेळ, गाडी नंबर जोडा. त्यात "ऊन होतं" हे उत्तर मिळालं असंही लिहा.

ऊसकरी

दादा, पहिल्यांदा कोणी नीट उत्तर दिलं. पावत्या जपून ठेवल्यात. अर्ज करतो.

मीटरताई

मी मीटर तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. कॉन्स्टंटनचं एवढं कौतुक झालं, त्याचा एक दोषही सांगायला हवा, कारण त्यातूनच मँगनिन या दुसऱ्या संमिश्राचं महत्त्व कळतं.

तांबं आणि कॉन्स्टंटन जोडून तो जोड तापवला की तिथे स्वतःचं विभवांतर तयार होतं, अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलवाल्यांना ते हवंच असतं, टी टाइप थर्मोकपल म्हणजे नेमका हाच जोड. पण अचूक मोजमापात ते घुसखोर आहे. काटादुरुस्ती दादांच्या लोड सेलचंच घ्या. १० व्होल्ट दिले तर पूर्ण वजनाला २० मिलिव्होल्ट बाहेर येतात. ६० टनांचे १० किलोने सहा हजार भाग केले तर एका भागाला तीन-साडेतीन मायक्रोव्होल्ट. एक जोड दुसऱ्यापेक्षा एक अंशाने जास्त तापला आणि ते फेडायची सोय नसली तर शंभरावर किलोची चूक. म्हणून ब्रिजमध्ये जोड समोरासमोर, सारख्याच उबेत ठेवतात.

मँगनिन यासाठीच वेगळं. साधारण ८४ टक्के तांबं, १२ टक्के मँगनीज, ४ टक्के निकेल. तांब्याशी जोडलं तर अंशाला जेमतेम एखादा मायक्रोव्होल्ट. आणि त्याच्या रोधाचा आलेख ही तर बघत राहावी अशी गोष्ट आहे. तापमान वाढतं तसा रोध किंचित चढतो, २५ अंशांच्या आसपास माथ्यावर येतो आणि मग किंचित उतरतो. अगदी पसरट टेकडी. आपली खोली नेमकी त्या माथ्यावर असते, म्हणून दोन-चार अंश इकडेतिकडे झाले तरी आकडा हलत नाही.

ही दोन्ही संमिश्रं एडवर्ड वेस्टन यांनी शोधली. जन्म इंग्लंडचा, काम अमेरिकेत, न्यूअर्कला. १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची पेटंटं आली. तोवर धातू तापला की रोध वाढणारच असं सगळे धरून चालले होते. वेस्टन मीटर बनवत होते, आणि सकाळी एक, दुपारी दुसरा आकडा दाखवणारं मीटर त्यांना नको होतं. म्हणून ते शेकडो मिश्रणं करून बघत राहिले.

तुमच्या घरातल्या डिजिटल वीजमीटरच्या आत बहुधा मँगनिनची एक आखूड पट्टी आहे, दोन्ही बाजूंना तांबं वेल्ड केलेली. रोध एका ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी. घराची सगळी वीज तिच्यातून जाते, तिच्या दोन टोकांमधलं बारीकसं विभवांतर चिप मोजते आणि त्यावर युनिट चढतात. मे महिन्यात चंद्रपूरच्या भिंतीवर आणि जानेवारीत महाबळेश्वरच्या भिंतीवर तीच पट्टी तेच माप देते. तांब्याची असती तर ३० अंशांच्या फरकाने बिलात बारा टक्क्यांचा घोळ झाला असता.

नीलमोहर

ताई, आज मीटरपुढे उभी राहून बघितलं, पहिल्यांदाच.

प्रयोगवही

तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद छापून वर्गात नेले. काल प्रयोग केला, तो सांगतो.

०.२ मिलिमीटरची तांब्याची वाइंडिंग वायर १८ मीटर मोजून एका परीक्षानळीत गुंडाळून ठेवली. तितक्याच जाडीची कॉन्स्टंटनची तार ६४ सेंटिमीटर, दुसऱ्या नळीत, वेढे एकमेकांना लागू न देता. दोन्हींचा रोध १० ओहम. नळ्यांत तेल भरलं आणि दोन्ही एकाच पाण्याच्या बीकरमध्ये सोडल्या. मुलांनी आधी नुसत्या दोन गुंडाळ्या हातात घेऊन बघितल्या. एक चांगली जाडजूड, दुसरी जेमतेम करंगळीएवढी. तिथेच निम्मा धडा झाला.

पाणी २८ अंशांवरून ८८ पर्यंत नेलं. दर दहा अंशांना वाचन. तांबं १०.० वरून १२.३ वर गेलं. कॉन्स्टंटन १०.० वरच. साठ अंशांत मापकाचा शेवटचा आकडा बदलला नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने तीन वेळा पिना काढून पुन्हा लावल्या, तिला वाटलं जोड सुटलाय.

काटादुरुस्ती, एक विनंती. एखादा मेलेला लोड सेल भंगारात असेल तर विकत द्याल का? मुलांना ती नागमोडी रेघ प्रत्यक्ष बघायचीय.

काटादुरुस्ती

सर, विकत कशाला. दोन पडलेत, एकात पाणी गेलंय, एक विजेने जळालाय. एसटी पार्सलने पाठवतो. उघडताना घाई करू नका. बाजूला पातळ पत्र्याची चकती वेल्ड केलेली दिसेल, ती कानसेने कडेकडेने घासा, छिन्नी मारू नका. आत रबरासारखा मऊ पांढरा किंवा पारदर्शक थर असेल, तो लाकडी काडीने खरवडा. खाली तपकिरी-पिवळसर चिकटपट्टीवर रेघा दिसतील. उजेड तिरका धरा आणि भिंग वापरा. पाणी गेलेल्या सेलमध्ये एका कोपऱ्यात हिरवट डाग असेल. तो तांब्याचा. रेघ तिथेच तुटली आहे, मुलांना ती जागा शोधायला सांगा.